न्यूग्रेंजची पांढरी भिंत उतरवावी का?

बॉइनकाठ

डब्लिनमधल्या मराठी घरांत पाहुणे आले की न्यूग्रेंज ठरलेलंच असतं. आयर्लंडच्या मीथ परगण्यात बॉइन नदीच्या वळणावर, शेतांच्या मधोमध हे दफनाचं टेकाड आहे. इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधीचं. व्यास साधारण ८५ मीटर, कडेनं ९७ अजस्र शिळा, आत १९ मीटरचा अरुंद बोळ आणि शेवटी दफनाची खोली. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी उगवतीचं ऊन दारावरच्या झरोक्यातून थेट त्या खोलीपर्यंत जातं. हे सगळं अस्सल आहे आणि मला त्याचं वेड आहे.

माझी हरकत दर्शनी भागाला आहे. प्रत्येक फोटोत दिसणारी ती पांढऱ्या गारगोटीची उभी भिंत १९७० च्या दशकात रचलेली आहे, आणि तिच्या मागे काँक्रीट आहे.

कॉर्क विद्यापीठाचे प्रा. मायकल ओ'केली यांनी इथे १९६२ ते १९७५ उत्खनन केलं. दाराच्या दोन्ही अंगांना, कडेच्या शिळांपुढे, त्यांना गारगोटीचा आणि मधूनमधून करड्या गोट्यांचा थर पडलेला मिळाला. ही शिळांवर उभी असलेली भिंत असणार आणि ती ढासळली असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्यावरून भिंत पुन्हा उभी केली गेली. पण जवळच्याच नाउथच्या टेकाडात उत्खनन करणाऱ्या जॉर्ज ओगन यांना दारांपुढे तशीच गारगोटी मिळाली, आणि त्यांनी ती जमिनीवर अंथरलेली मानून तशीच ठेवली. नदी तीच, काळ साधारण तोच, दगड तेच. एकाच फेरीत लोक दोन्ही बघतात आणि दोन्ही खरं मानून घरी जातात.

जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेनं स्पष्ट म्हटलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. ही भिंत त्यानंतर उभी राहिली. माझ्या मते ती उतरवावी, गारगोटी सापडली तशी खाली पसरावी आणि टेकाडाला त्याचा गवती उतार परत द्यावा.

दगडविटा

असहमत. स्थापत्य अभियंता म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, ओ'केलींनी हवेत अंदाज बांधला नव्हता. त्यांनी प्रत्यक्ष भिंतीचा तुकडा रचून तो पाडला, आणि दगड कसे पसरतात ते उत्खननातल्या थराशी ताडून पाहिलं. इतकी मेहनत त्या काळात किती जण घेत होते?

दुसरी गोष्ट काँक्रीटची. "काँक्रीटशिवाय ही भिंत उभी राहिलीच नसती" हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. अहो, भिंत पडली असं ओ'केलीच तर म्हणत होते! पाच हजार वर्षांपूर्वी ती कितीही काळ उभी असो, आज तिच्या खालून दिवसभर माणसं जातात. ती पडून चालणार नाही, म्हणून काँक्रीट. आणि टेकाड आहे कशाचं? सुट्या दगडांचं, सुमारे दोन लाख टन. या दाबानं कडेच्या शिळा बाहेर कलंडल्या होत्या. भिंत काढलीत तर तो रेटा कोण धरणार? काढताना मागचा जो भाग अजून कुणी उकरलेला नाही, तोही उकरावा लागेल. एका अंदाजावर राग म्हणून उरलासुरला पुरावा घालवायचा?

बॉइनकाठ

रेट्याचा मुद्दा वजनदार आहे. पण रेटा धरायला मागचा उतार कमी करता येतो, उभी पांढरी भिंतच लागते असं नाही. प्रयोगाबद्दल म्हणाल तर "असंही असू शकेल" एवढंच त्यातून निघतं. हीच गारगोटी उतारावर रचलेली असती आणि खाली घसरली असती तर थर कसा पडला असता? किंवा मुळातच जमिनीवर अंथरलेली असती तर? या शक्यता शिल्लक असताना एकच शक्यता पक्की करून टाकली, हे माझं दुखणं आहे.

सई_कॉर्क

भिंतीवरून निघालेलं भांडण आतपर्यंत नेऊ नका, ही विनंती. २०१६ मध्ये एका आयरिश पुरातत्त्वज्ञानं झरोक्याच्या अस्सलपणावरच शंका घेतली होती, आणि तेव्हापासून "सगळंच नकली आहे" म्हणणारे भेटतात. बोळाच्या कललेल्या शिळा ओ'केलींनी सरळ केल्या हे खरं. पण जॉन पॅट्रिक यांनी मोजमाप करून १९७४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की सूर्याकडचा रोख मूळ बांधणीतलाच आहे.

आणि छताकडे कुणी नीट बघतच नाही! खोलीवर दगडांचे थर एकेक करून आत सरकवत सहा मीटर उंच छत नेलंय. बोळाच्या छताच्या शिळांना वरच्या अंगानं पन्हळी कोरल्यात, पावसाचं पाणी बाजूला वळावं म्हणून. सांध्यांत भाजलेली माती आणि समुद्राची वाळू भरलीय. त्या मातीतल्या कोळशावरूनच तर बांधकामाचा काळ ठरला. आयर्लंडच्या पावसात आतली खोली आजही कोरडी आहे. ज्यांनी पन्हळीचा इतका विचार केला त्यांना दर्शनी भिंत रचता आली नसेल, हे मला पटत नाही. मी भिंतीच्या बाजूनं.

काटोल_रोड

नागपूरहून लिहितोय. आमच्या काटोल रस्त्यावर जुनापाणीची शिळावर्तुळं आहेत. तीही दफनंच, पण लोहयुगातली, म्हणजे न्यूग्रेंजपेक्षा खूप अलीकडची. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९ व्या शतकात तिथल्या शिळांवरच्या वाटीसारख्या खळग्यांची नोंद केली, १९६१-६२ मध्ये उत्खननही झालं. पण नागपूरच्या किती जणांनी ती पाहिलीत? जिथे बघायला कुणी जात नाही, तिथला दगड उचलला गेला तरी कुणी विचारत नाही. एका भिंतीमुळे जग न्यूग्रेंजला लोटतं, सरकार पैसे घालतं, भोवतालची शेतं सांभाळली जातात. ही किंमत मला जास्त वाटत नाही.

आणि "आहे तसं ठेवा" म्हणजे काय ते बघायचं तर न्यूग्रेंजच्या शेजारीच डाउथचं टेकाड आहे. १८४७ च्या खोदकामात टेकाडाच्या माथ्याला पाडलेला खड्डा आजही तसाच आहे.

बॉइनकाठ

डाउथच माझं सर्वांत आवडतं आहे. तो खड्डा बघितला की त्या टेकाडाचं काय झालं ते न सांगता कळतं. न्यूग्रेंजला विसाव्या शतकानं काय केलं ते झाकलं गेलंय.

जुनापाणीबद्दल तळमळ पोहोचली. पण गर्दी खेचायची म्हणून उद्या तिथे कुणी वर्तुळांवर चौथरे बांधले तर तुम्हाला चालेल का?

काटोल_रोड

चौथरे नाही चालणार. कुंपण, पाटी आणि राखणदार चालेल. पण इथे त्यातलं काही मिळवायचं तर आधी लोकांनी यायला हवं, हे तुम्ही टाळताय.

मृदगंध

मी धागाकर्त्याच्या बाजूची, पण कारण वेगळं. ही माणसांची थडगी आहेत हे सगळेच विसरलेत. ओ'केलींना आत किमान पाच जणांचे अवशेष मिळाले, काही जळलेले, काही न जळलेले. त्यातल्या एकाच्या कवटीच्या तुकड्यावरून २०२० मध्ये लारा कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की त्याचे आईवडील एकमेकांचे अगदी सख्खे होते, भाऊ-बहीण किंवा आई-बापांपैकी एक आणि त्यांचं मूल. जनुकांचं काम पक्कं आहे. पण पाठोपाठ बातम्यांतून "देवराजा" आणि त्याचं घराणं उभं राहिलं. २०२५ मध्ये 'अँटिक्विटी' या पुरातत्त्वाच्या नियतकालिकात त्यावर सविस्तर टीका आली: कवटीच्या एका तुकड्यावरून राजेशाही सिद्ध होत नाही, आणि असा दुसरा माणूस त्या काळच्या आयर्लंडमध्ये सापडलेला नाही.

आता त्या उंच, झळझळीत भिंतीसमोर उभं राहून सांगा, राजा डोक्यात येतो की नाही? ते टेकाड गवताचं असतं आणि पुढे पांढरे दगड अंथरलेले असते, तर इतक्या सहज राजवाडा सुचला नसता. म्हणून ही भिंत निरुपद्रवी नाही.

सई_कॉर्क

हे पटलं नाही. दोन लाख टन दगड, दक्षिणेकडच्या विक्लोच्या डोंगरांतून आणलेली गारगोटी, उत्तरेकडून डंडॉकच्या उपसागराकडचे गोटे. हे कुणीतरी जमवलं, माणसं कामाला लावली. भिंत नसती तरी सत्तेचा प्रश्न आलाच असता.

मृदगंध

प्रश्न जरूर यावा. उत्तर आधीच रचून ठेवू नये.

दगडविटा

मधला मार्ग सुचवतो. भिंतीपुढे मोठी, स्पष्ट पाटी लावा: "ही रचना १९७० च्या दशकातली, एका मतानुसार". मार्गदर्शकाला विचारलं तर तो वाद सांगतोच, तो न विचारताही सांगावा. भिंतीला हात लावू नका.

बॉइनकाठ

पाटी फोटोत येत नाही. जगभर फोटोच जातो.

दगडविटा

बरं, मग भिंतीचा एकच तुकडा उतरवा, मागे कमी उताराचा आधार द्या आणि तेवढ्या भागापुढे नाउथसारखी गारगोटी अंथरा. दोन्ही मतं शेजारी-शेजारी दिसतील, रेटाही सांभाळता येईल. याच्यापुढे मी जाणार नाही.

बॉइनकाठ

तुकडा दाराला लागून हवा. भिंत जिथे बुटकी होत जाते त्या टोकाला नको, तिथे कुणी थांबत नाही.