अ‍ॅम्बॅसेडरचे नवे मडगार्ड दाराला आणि बोनेटला जुळत नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी नांदेडचा. वडिलांची १९८६ची अ‍ॅम्बॅसेडर मार्क ४, पेट्रोल, १४८९ सीसी, परत रस्त्यावर आणतोय. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचं काम झालं आहे. गाडं अडलंय ते पत्र्यावर.

पुढचे दोन्ही मडगार्ड गेले होते. आपल्याकडची हवा कोरडी, कोकणासारखा गंज चढत नाही, हे खरं. पण ही गाडी बरीच वर्षं शेताच्या वाटेवर चालली. काळी माती दिव्याच्या मागे आणि दाराच्या पुढच्या पोकळीत जाऊन बसते आणि पाऊस उघडला तरी ओल सोडत नाही. पत्रा बाहेरून धड दिसत होता, आतून चाळणी. अ‍ॅम्बॅसेडर बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद झाला, त्यामुळे कंपनीचा माल मिळायचा प्रश्नच नव्हता. बाहेर कुठेतरी साच्यात दाबून बनवलेले मडगार्ड मागवले. पत्र्याची जाडी ठीक वाटते, आकारच बसत नाही.

उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला, मडगार्ड आणि दार यांच्यातली फट वर ८ मिमी आणि खाली ४ मिमी. त्याच दाराची मागची टोकाकडची कड मागच्या दारापेक्षा ५ मिमी खाली आहे. डावीकडे दाराची फट सारखी आहे, पण बोनेटच्या बाजूला मडगार्ड ३-४ मिमी वर उचललेलं राहतं आणि ग्रिलकडची बोल्टची भोकं साधारण ५ मिमी चुकतात.

एक डेंटर म्हणतात कड कापा आणि पुट्टी भरून शेप आणू. दुसरे म्हणतात बोल्ट आवळा, ओढून येईल. मला दोन्ही पटत नाही. एवढी जाड पुट्टी शेताच्या रस्त्यावरच्या हादऱ्यांनी कडेला तडकणार. वडील अजून ही गाडी स्वतः चालवतात आणि त्यांना ती दिसायला जशी होती तशीच हवी आहे. त्यामुळे घाई नाही, पण काम पक्कं व्हायला हवं. नवा पत्रा कापावा का? की जुने मडगार्डच ठिगळ लावून वापरावेत?

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगरहून

भाऊ, आधी कटर बाजूला ठेवा. मी वाळूजला प्रेस टूलच्या कामात आहे, म्हणून माप बघूनच बोलतो. उजवीकडचा दोष मडगार्डचा वाटत नाही. दार मागच्या टोकाला खाली आलं की वरची बाजू पुढच्या खांबापासून लांब जाते, म्हणून फट वर रुंद आणि खाली अरुंद होते. तुमचे ८ आणि ४ हेच सांगतात, आणि ५ मिमी खाली बसलेली कड त्याला दुजोरा देते. दार थोडं उघडा, मागची कड दोन्ही हातांनी वर उचला. खडखडलं तर बिजागरीची पिन झिजली. ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडतं, तेच आधी सैल होतं.

हलत नसेल तर मात्र बॉडी तपासा. अ‍ॅम्बॅसेडरला जीपसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडीच ओझं पेलते. दाराखालची सिल कुजली की गाडी मधून बसते आणि दाराची चौकट वरून आवळली जाते. दोन्ही बाजूंच्या चौकटींची कर्णमापं टेपने घ्या, डावं-उजवं ताडून बघा. गाडी सपाट फरशीवर चारी चाकांवर उभी असताना. मधे जॅक लावून घेतलेलं माप फसवतं.

प्रतिसाद, लातूरहून

मे महिन्यात मापं घेतली असतील तर पत्रा तापून वाढला नसेल ना?

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगरहून

नाही हो. १ मीटर पोलादी पत्रा ३० अंशांनी तापला तरी साधारण ०.३६ मिमीच वाढतो. ४ मिमीचा फरक उन्हाने पडत नाही.

प्रतिसाद, परभणीहून

डाव्या बाजूचं मी सांगतो, बरं का. आयुष्य डेंटिंगमध्ये गेलं. बोल्ट आवळून ओढलेलं मडगार्ड रोज आतून जोर लावत राहतं. रंग बोल्टपाशी फुटतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. सगळे बोल्ट आधी नुसते धरवा, एकही आवळू नका. आपलं काम मागून पुढे चालतं. मागचं दार बॉडीला जुळलेलं पाहिजे, पुढचं दार मागच्याला, मडगार्ड दाराला, आणि बोनेट शेवटी. जो ग्रिलपासून सुरू करतो त्याची सगळी चूक दारावर येऊन साचते.

भोकं ५ मिमी चुकतात तर गोल कानसेने लांबट करा आणि रुंद वॉशर घाला. कड वर राहते ती बोनेटखालच्या वळवलेल्या पट्टीमुळे. त्या पट्टीला दोन-तीन इंचांवर काप द्या, कड हाताने खाली बसवा, बोनेट लावून बघा आणि मग काप जोडा. वेल्डिंगचे टाके एका ठिकाणी एक, मग लांब दुसऱ्या ठिकाणी. मधे पत्रा थंड होऊ द्या. सलग वेल्डिंग केलं तर वरचा भाग लाटा मारेल आणि मग खरंच पुट्टी लागेल. कुठे फट जास्तच राहिली तर कडेवर वेल्डिंगची बारीक रेघ चढवून कानसेने सारखी करा.

आणि जुने मडगार्ड भंगारात देऊ नका बरं. दिव्याच्या गोलाचा भाग धड असेल तर तो जपा. बाहेरच्या पत्र्यात नेमका तोच गोल चुकतो, रिंग बसत नाही. जुना गोल कापून नव्यात जोडला की तोंड पहिल्यासारखं दिसतं.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. दार उचललं आणि हललं, चांगलंच. वरच्या बिजागरीची पिन एका बाजूने चपटी झाली होती. लेथवर नवी पिन करून बुश घातले. दार वर आलं आणि फट वर-खाली ५-६ मिमी झाली, नव्या मडगार्डला हातही न लावता. कर्णमापंही दोन्हीकडे सारखी आली, म्हणजे सिल शाबूत आहे. डावीकडचे काप दिले आहेत, बोनेट मोकळं बंद होतं, टाके या आठवड्यात मारतो. काका, दिव्याचं तुमचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं, उजव्या गोलात रिंग एका बाजूला टेकते. तो जुन्यातून घेतोय. आतून काय लावू?

प्रतिसाद, परभणीहून

वेल्डिंग घासलं की लगेच झिंक प्रायमर. बाहेर रंग होण्याआधी आतल्या जोडांवर सीलर आणि चाकाच्या बाजूला रबरी अंडरकोट. पण पाणी निघायची खालची भोकं बुजवू नका, त्यात तार घालून ठेवा आणि कोट वाळल्यावर काढा. दर पावसाळ्यानंतर मडगार्डच्या आत पाइपने पाणी मारून माती काढायची. वडिलांनाही सांगून ठेवा.