मैलाच्या शर्यतीत स्प्रिंटर किती टिकेल?
सुरुवातीच्या वेगाने मोठी आघाडी घेऊन उसेन बोल्टसारखा स्प्रिंटर (कमी अंतराचा वेगवान धावपटू) मैलाच्या, म्हणजे सुमारे 1609 मीटरच्या, शर्यतीत ती टिकवू शकेल, असा तर्क या चर्चेत मांडला गेला; तो मला पटत नाही. मोरोक्कोचा धावपटू हिशाम अल गरूजने 1999 साली रोममध्ये मैलाचा 3 मिनिटे 43.13 सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा प्रत्येक 100 मीटरचा सरासरी वेळ 13.9 सेकंदांच्या आसपास होता. हा वेग बोल्टला एका शंभर मीटरपुरता अगदी सहज वाटला असता, पण तो लागोपाठ सोळा वेळा राखायचा असतो. मैलभर लागणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश भाग ऑक्सिजनच्या साहाय्याने तयार होतो, आणि स्प्रिंटरचे जलद आकुंचन पावणारे, वजनदार स्नायू त्या कामासाठी घडलेलेच नसतात. उलट, मॅरेथॉनसाठी ओळखल्या जाणाऱ्या एलिउड किपचोगेने ट्रॅकवरच्या दिवसांत, 2004 मध्ये, मैल 3 मिनिटे 50.40 सेकंदांत धावला होता, आणि हे अधिक लक्षात घेण्याजोगे आहे. खरा चुरशीचा प्रश्न 800 मीटरचे धावपटू मैलात किती टिकतील, हा आहे. चर्चा तिकडे वळावी, असे मनापासून वाटते.