नगररचनेच्या निर्णयात डिझाइनच्या सिद्धांताला विचारतं कोण?

पायवाट:
डिझाइनचे अभ्यासक होर्स्ट रिटेल आणि नगरनियोजनाचे अभ्यासक मेल्विन वेबर यांनी १९७३ सालच्या एका लेखात म्हटलं होतं की नगरनियोजनातले प्रश्न गणितासारखे नसतात. प्रश्न कसा मांडता त्यातच उत्तर ठरून जातं. 'रस्ता अरुंद आहे' म्हटलं की उड्डाणपूल आलाच. त्याच कोंडीला 'घर आणि काम लांब पडतं' म्हणून बघा, सगळी चर्चाच फिरते. म्हणून प्रश्न लिहिला जातो त्या बैठकीतच सिद्धांत जाणणारा माणूस हवा. शेवटी आराखडा रंगवायला बोलावून काय उपयोग?

टी-स्क्वेअर:
साफ असहमत. सिद्धांत बैठकीत होताच की! अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातली प्रुइट-आयगो ही सरकारी भाड्याच्या घरांची वसाहत घ्या. अकरा मजली ३३ इमारती. लिफ्ट थांबायची फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर. तिथल्या लांब गॅलऱ्यांत शेजारी भेटतील, मुलं खेळतील, हे कागदावर. प्रत्यक्षात पिशव्या घेऊन जिन्याने एक मजला चढा नाहीतर उतरा, आणि त्याच जिन्यात जायला लोक घाबरायला लागले. १९७२ मध्ये पाडापाडी सुरू.

पायवाट:
ही गोष्ट नेहमी अर्धीच सांगतात. देखभालीचा खर्च भाड्यातून काढायचा होता. शहराची लोकसंख्या घटत गेली, घरं रिकामी पडली, भाडं आटलं. मग दिवे आणि लिफ्ट दुरुस्त करणार कोण? हे काही वास्तुरचनाकाराने ठरवलं नव्हतं. आणि लिफ्टचे थांबे कमी ठेवण्यात काटकसरही होतीच.

उगाचच:
म्हणजे काटकसर आधी, सिद्धांत मागाहून चिकटवलेला? (ओळखीचं वाटतंय हे.)

टी-स्क्वेअर:
मी दुसरं काय म्हणतोय? निर्णय पैसा आणि जमीन घेतात. सिद्धांत त्यावर शेला पांघरतो, एवढंच.

पायवाट:
बऱ्याचदा होतं तसं, नाही म्हणत नाही. पण त्याच लेखातला दुसरा मुद्दा बघा: इथे करून बघू, चुकलं तर पुसू, अशी सोय नाही. एकदा वस्तीतून रस्ता गेला की उठलेली माणसं परत येत नाहीत. म्हणून तर शेला पांघरणारा नको, 'हा प्रश्न लिहिला कुणी?' असं विचारणारा हवा.

टी-स्क्वेअर:
विचारेल हो. पण त्याची नेमणूक कोण करणार? प्रश्न लिहिणाराच ना?