बंद घरांचं गाव: वर्गणी गस्तीवर खर्चायची की कॅमेऱ्यांवर?

गिरणगावकर
शिमगा आटोपून चाकरमानी मुंबईला परतले की कोकणातल्या वाड्यांत एकामागून एक घरांना कुलपं लागतात. मे महिन्यात येऊन बघावं तर कोयंडा उचकटलेला, माळ्यावरची पितळेची भांडी आणि देव्हाऱ्यातली चांदी गायब. चोरी कधी झाली हेच सांगता येत नाही. फिर्यादीत ‘मार्च ते मे दरम्यान’ लिहायचं, आणि तपास तिथेच अर्धा मेला. यावर लालबाग-परळपासून डोंबिवली-विरारपर्यंतच्या ग्रामस्थ मंडळांत हल्ली एकच ठराव येतो: वर्गणी काढा, वेशीवर कॅमेरे लावा.

माझा विरोध आहे. कॅमेरा चोराला अडवत नाही. ग्रामसुरक्षा दल उभं करा. पंचवीस जणांची यादी पोलीस ठाण्यात द्या, ओळखपत्रं घ्या. रात्री 11 ते पहाटे 4, दोन पाळ्या, पाळीला चौघं. शिट्ट्या, दमदार बॅटऱ्या, चमकत्या पट्ट्यांची जॅकेटं. निघायची वेळ आणि वाट रोज बदलायची, नाहीतर आठवड्यात चोराला वेळापत्रक पाठ होतं.

पाणंद
पंचवीस जण आणणार कुठून? तरणी पोरं मुंबई-पुण्यात, वाडीत उरले सत्तरीचे आजोबा. त्यांना काठी देऊन रात्री रानवाटेवर धाडणार?

कॅमेरे फुकट जातात ते चुकीचे बसवतात म्हणून. वीस फुटी खांबावर 2.8 मिमीची रुंद लेन्स लावली की दिसतात फक्त हेल्मेटं. गाडीचा नंबर हवा असेल तर अरुंद कोनाची, फोकस बदलता येणारी लेन्स वेगळी लावा, आठ-दहा फुटांवर, रस्त्याला शक्य तितकी समोरून. शटर वेगवान ठेवा, नाहीतर रात्री हेडलाइटमुळे नंबरपाटी नुसती पांढरी दिसते. इन्फ्रारेड दिव्यांपुढे कोळी जाळी विणतो, ती महिन्याला पुसावी लागते. आणि अर्थिंग नसेल तर पहिल्या वळवाच्या विजेला सगळा सेट गेला म्हणून समजा.

साठवणुकीचं गणित तर कोणी करतच नाही. 2 मेगापिक्सेलचा एक कॅमेरा 2 एमबीपीएसने (सेकंदाला 2 मेगाबिट) दिवसाला साधारण 21 जीबी खातो. चार कॅमेरे धरले तर 1 टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत पुसून पुन्हा भरायला लागते. मे महिन्यात मार्चचं चित्रण मागायला गेल्यावर दुसरं काय मिळणार? एच.265 (तेच चित्रण साधारण निम्म्या जागेत बसवणारी पद्धत) आणि 4 टीबी घ्या, तीन महिने मागे जाता येतं.

दप्तरदार
गस्तीबद्दल कोणी बोलत नाही ते मी बोलतो. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा: मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी ठार. 16 एप्रिल 2020, पालघरमधलं गडचिंचले: कांदिवलीहून सुरतेला निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक ठार. गडचिंचल्यात चोरांच्या अफवेने आधीपासून रात्रीचे पहारे सुरू होते. झोप मोडलेली, हातात काठी आणि समोर अनोळखी माणूस, यातून काय होतं ते राज्याने पाहिलंय.

नागरिकाला अटकेचा अधिकार आहे, पण केवढा? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम 40: दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत झाला, किंवा माणूस घोषित फरारी असेल, तरच. आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं. ‘संशयास्पद फिरत होता’ हा गुन्हा नाही. पारधी दिसला की संशय घेणारी गावं अजून आहेत. अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 मध्ये गेला, नजर गेली नाही.

गिरणगावकर
दोन्ही ठिकाणी जमाव होता. पोलिसांत नोंदवलेलं, ओळखपत्र असलेलं दल नव्हतं. मी म्हणतो त्या दलाचा नियमच आहे: अंगाला हात लावायचा नाही, अंतर राखून बॅटरी मारायची, गाडीचा नंबर टिपायचा, 112 ला फोन करायचा.

घाटावरचा
112 चा फोन आधी राज्याच्या नियंत्रण कक्षात लागतो, तिथून गाडीला निरोप. ‘गुरववाडीत चोर आलेत’ म्हणाल तर कुठली गुरववाडी? तालुका, गाव, वाडी आणि जवळची शाळा किंवा देऊळ, याच क्रमाने सांगा. दरीत टॉवरवरून ठिकाण नीट कळत नाही. आमच्याकडे घाटावर विहिरीवरच्या मोटारी, केबल आणि रोहित्रातलं तांबं जातं. तिथे एका फोनवर अख्ख्या गावाचे फोन वाजवणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा कामाची ठरते. पण चोर रात्री ड्रोनने टेहळणी करतात, अशा 2024 मध्ये उठलेल्या अफवांसारखे चार खोटे फोन झाले की पाचव्याला कोणी उचलत नाही.

दप्तरदार
मूळ दुखणं चोरीची तारीख न कळणं हे आहे, आणि त्यावर सर्वांत स्वस्त उपाय वहीचा. बंद घरांची नोंदवही करा: घरपट्टी क्रमांक, मालकाचा मुंबईतला फोन, चावी कोणाकडे. दर पंधरवड्याला दिवसाउजेडी कोणीतरी प्रत्येक कोयंडा हाताने ओढून बघायचा, खिडक्यांचे गज आणि मागची पडवीही, आणि तारीख टाकून सही करायची. चोरीचा काळ तीन महिन्यांवरून पंधरा दिवसांवर येतो. मग पाणंद यांची डिस्कही छोटी चालेल. हे काम बचत गटाच्या बायकांना मोबदला देऊन द्या, फुकटात कोणी वर्षभर करत नाही.

गिरणगावकर
बंद घरांची यादी म्हणजे चोराला दिलेलं आमंत्रण. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली की संपलं.

दप्तरदार
म्हणून तर वही म्हणालो, ग्रुप नाही. ती पोलीस पाटलाकडे कुलपात. माणसांची खबर ठेवणं हे 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाने त्याचंच काम आहे, आणि 2024 पासून मानधन महिना 15,000 झालंय. आंब्याच्या हंगामात बागेत येणाऱ्या नेपाळी राखणदारांची नोंदही तिथेच व्हावी, बागमालकाच्या सहीने. त्या माणसांचंही त्यात संरक्षण आहे. काही घडलं की पहिलं बोट त्यांच्याकडेच जातं.

पाणंद
पोलीस पाटील एक, वाड्या नऊ. तुमची वही पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकेल. कॅमेरे घेणार असाल तर ठरावात एवढं तरी लिहा: डीव्हीआरचं (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ महिन्याला जुळवायचं, पासवर्ड दोघांकडे, आणि चित्रण पेनड्राइव्हवर देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र हॅश मूल्यासह (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे पडताळायचा सांकेतिक आकडा) जोडायचं. ते नसेल तर पुरावा म्हणून कोर्टात अडेल.

गिरणगावकर
डीव्हीआर ग्रामपंचायतीत ठेवणार ना? कार्यालय संध्याकाळी बंद, इन्व्हर्टर नाही, पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस गुल. बॅटरीचा खर्च ठरावात कुठे आहे ते आधी दाखवा.