माळवदाच्या सागवानासाठी छोटा बेल्ट सँडर: ३ इंची हातातला घ्यावा की टेबलावरचा?

औसेकर

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात आमच्या गावी आजोबांचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात आमची एक भिंत खचली, माणसं वाचली. पण दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचं एवढं ओझं, त्याखाली पुन्हा झोपायला घरातलं कोणीच तयार होईना. वडिलांनी माळवद उतरवलं. सागवानी सर, म्हणजे छताच्या आडव्या तुळया, मात्र विकले नाहीत. गोठ्यात दगडांवर आडवे रचून ठेवले आणि दर उन्हाळ्यात वाळवी लागली का ते स्वतः बघायचे.

वडील दोन वर्षांमागं गेले. यंदा त्यातले दोन सर लातूरला आणून वखारीत चिरून घेतले. सव्वा इंच जाडीच्या सात फळ्या निघाल्या, साडेचार फूट लांब, सात-आठ इंच रुंद. आतून लाकूड असं निघालं की वखारीतले मिस्त्रीसुद्धा हात फिरवत उभे राहिले. मुलगी दहावीत गेली आहे, तिच्या अभ्यासाचं टेबल यातूनच करायचं.

मी शिक्षक आहे, सुतारकाम रविवारचं. एक फळी ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून घासली. पूर्ण दिवस गेला, करवतीचे वळ तसेच. म्हणून बेल्ट सँडर, म्हणजे पॉलिश पेपरचा पट्टा फिरवून लाकूड घासणारं मशीन, घ्यायचा आहे. हातातला ३ इंची रुंद पट्ट्याचा, ४ इंची, की टेबलावर बसणारा? जागा म्हणजे घरामागची पत्र्याची पडवी. दोन फळ्यांना थोडा पीळही आहे, तो सँडरनं निघेल का?

रंधा_परभणी

गुरुजी, आधी पिळाचं सांगतो, कारण तिथंच लोक फसतात. बेल्ट सँडर म्हणजे रंधा नव्हे. तो फळीच्या अंगावर बसतो आणि फळी जशी वाकडी असेल तसाच फिरतो. गुळगुळीत करील, सरळ करणार नाही. फळीच्या दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि एका टोकाला डोळा लावून बघा. पट्ट्यांच्या कडा एका रेषेत दिसल्या नाहीत तर वर आलेले कोपरे रंध्यानंच उतरवा. फळ्या जोडायच्या कडाही रंध्याच्याच. त्या सँडरनं घासल्या की कड गोल होते आणि जोडात फट राहते.

आता मशीन. टेबलावरचं, म्हणजे ४ बाय ३६ इंची पट्टा आणि बाजूला ६ इंची चकती असतं ते, छोट्या तुकड्यांसाठी छान. पायांची टोकं, खेळणी, मुठी. साडेचार फुटी फळी त्यावर धरून एकसारखी घासणं एकट्या माणसाचं काम नाही. ४ इंची हातातलं बरंच जड असतं. जरा तिरकं झालं की लाकडात घळ पडते, नवीन हाताला ते आवरत नाही.

तुम्ही ३ इंचीच घ्या. माझ्याकडं मकिता कंपनीचं ९९११ मॉडेल आहे: ६५० वॅट, पट्टा ७६ बाय ४५७ मिलीमीटर, वेग कमीजास्त करता येतो. वेगाचं चाक नसलेलं मशीन घेऊच नका, सुरुवात कमी वेगावरच करायची असते. आणि पैसे देण्याआधी त्याच मापाचे पट्टे तुमच्या गावात मिळतात का ते विचारा. ७५ बाय ५३३ मापाचीही मशीनं येतात, त्यांचे पट्टे यात बसत नाहीत. घरच्या इन्व्हर्टरवर चालवू नका.

वापरताना: मशीन हवेत चालू करा, मग फळीवर टेकवा, आणि हवेत उचलूनच बंद करा. दाबू नका, त्याचं वजन पुरतं. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, आणि एका जागी क्षणभरही थांबायचं नाही. मी फळीवर पेन्सिलीनं आडव्यातिडव्या रेघोट्या मारतो. सगळ्या एकदम पुसल्या गेल्या तर घासणं सारखं झालं. टोकाला पट्ट्याचा अर्ध्याहून जास्त भाग बाहेर जाऊ देऊ नका, टोक खाली बसतं. आधी ६० किंवा ८० नंबरचा पट्टा (नंबर मोठा तितका पेपर बारीक), मग १२०, तिथं बेल्ट थांबवा. पुढचं १८० हातानं, ठोकळ्यावर.

वाळूज_शिफ्ट

वरच्यांनी खिळ्यांचा विषय काढला नाही, मी काढतो. जुन्या सरांत लोखंड असणारच. पट्टा खिळ्यावर गेला की फाटतो, आणि ठिणगी थेट भुशाच्या पिशवीत जाते. भुसा आत धुमसत राहतो, तासाभरानंही पेटू शकतो. लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवा, जिथं ओढ लागेल तिथं खूण करा. काम झालं की पिशवी घराबाहेर रिकामी करायची.

मास्क एन ९५ चा, रुमाल नाही. लाकडाचा भुसा कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे आणि सागाच्या भुशानं कातडीही चुरचुरते. पट्टे मे महिन्यात पत्र्याखाली ठेवू नका, उन्हानं जोडाचा डिंक कमकुवत होतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेनंच बसवा. पट्टा भुशानं भरला तर जुन्या चपलेच्या क्रेप रबरी तळव्याचा तुकडा चालत्या पट्ट्यावर धरा, तो साफ होतो.

औसेकर

दोघांचे आभार. लोहचुंबक आजच फिरवला, सात फळ्यांत चार जागी ओढ लागली. एका ठिकाणी तर खिळा पूर्ण लाकडात गडप होता, वरून काळा ठिपका फक्त. हे कळलं नसतं तर पहिल्याच दिवशी पट्टा गेला असता.

३ इंचीच घेतो. एक राहिलं: त्याच घराच्या दाराची हिरवा ऑइलपेंट दिलेली फळी टेबलाच्या मागं लावायची आहे. तीपण सँडरनं घासू का?

रंधा_परभणी

नको. तो रंग किती जुना?

औसेकर

माझ्या लहानपणापासून आहे. चाळीस वर्षं तरी.

रंधा_परभणी

मग त्याला सँडर लावूच नका. त्या काळच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता. आपल्याकडं घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. कोरडं घासलं तर ती पूड घरभर होईल आणि मुलगी त्याच टेबलावर बसणार आहे. रंग काढायचं रिमूव्हर लावून, ओलं असतानाच पत्र्यानं खरवडा, खाली जुना प्लास्टिकचा कागद अंथरा, खरवड त्यातच गुंडाळा. नाहीतर रंग पक्का असेल तर तसाच राहू द्या, वरून पारदर्शक वॉर्निश मारा. आजोबांचा हिरवा दिसत राहील.

औसेकर

तसाच ठेवतो. आईलाही तेच हवं होतं.