गावच्या स्मरणिकेतलं प्रबंधात चालतं का?

गिरणाकाठ (चाळीसगाव):
इतिहासाचे एम. ए.चे प्रकल्प तपासतोय. एकाचं पहिलंच वाक्य: 'भास्कराचार्यांचा जन्म चाळीसगावजवळच्या पाटण्याला झाला.' आधार एका संकेतस्थळाचा. त्या संकेतस्थळाला आधार एका स्मरणिकेचा. आणि स्मरणिकेतल्या लेखाला आधार कशाचाच नाही.

पाटण्याच्या शिलालेखात काय आहे? भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्याला दान दिलं. जन्माबद्दल एक अक्षर नाही. स्वतः भास्कराचार्य सिद्धान्तशिरोमणीत जन्मशक १०३६ देतात आणि गाव सांगतात सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड. ते पाटण्याच्या परिसरातलं की विजापूर, यावर अभ्यासकांत एकमत नाही. आपल्या खान्देशाचा अभिमान मलाही आहे, पण प्रबंधात 'अमुक अभ्यासक असं मानतात' एवढंच लिहिता येतं, आणि तो अमुक कोण तेही सांगावं लागतं.

माझं मत: स्मरणिका, संकेतस्थळं, व्हॉट्सॲपवरचे लेख संदर्भसूचीतून सरसकट बाद करा.

सातपुडा (शहादा):
सर, शिलालेखाचं पटलं. 'सरसकट' पटलं नाही. मी कानबाईच्या, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीच्या, अहिराणी गाण्यांवर काम करतेय. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हाची गाणी बायांच्या तोंडी आहेत. छापलेली सापडली तर अशाच गावच्या पुस्तिकांत. त्या बाद केल्या तर मी लिहू कशावरून? बहिणाबाई १९५१ साली गेल्या, त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं १९५२ साली. त्याआधी कुणी जळगावला येऊन ओव्या ऐकून गेला असता, तर छापील नाहीत म्हणून त्या खोट्या ठरल्या असत्या का?

आणि छापील म्हणजे खरं, हे तरी कुठून आलं? १८८० चं खान्देश गॅझेटिअर आपले लोक डोळे मिटून उतरवतात. भिल्लांबद्दल त्यात साहेबाच्या नजरेने जे लिहिलंय, ते आजच्या प्रबंधात जसंच्या तसं उतरलं की मला राग येतो.

पांझरा (धुळे):
ताई, गॅझेटिअरचं शंभर टक्के खरं. ते १८८० सालच्या सरकारला काय दिसलं याचा पुरावा आहे, भिल्लांच्या जगण्यावरचा निवाडा नाही.

पण तुमची गाणी आणि सरांची स्मरणिका एका पारड्यात नका टाकू. बाई गाणं म्हणते तेव्हा ती स्वतःच अस्सल साधन. तिची परवानगी घ्या, नाव, गाव, वय, तारीख टिपा, आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवा. तीच बाई 'ही परंपरा हजार वर्षांची' म्हणाली, तर ती ऐकीव माहिती. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दफ्तरं शोधत फिरले, ते मूळ कागद मिळवायला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आपल्या धुळ्यात आहे. एकदा तिथे जाऊन या.

केळीबाग (रावेर):
बोलायला सोपं आहे भो! अक्कलकुव्याच्या पोराने शिलालेखाचं वाचन कुठे शोधायचं? कॉलेजच्या लायब्ररीत गाइडांशिवाय काही नाही. त्याच्या हातात मोबाइल आहे, तो जे दाखवतो तेच तो लिहिणार. आधी पुस्तकं द्या, मग गुण कापा.

गिरणाकाठ:
लायब्ररीबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. पण त्याच मोबाइलवर एपिग्राफिया इंडिकाचा, म्हणजे शिलालेखांची वाचनं छापणाऱ्या इंग्रजी ग्रंथमालेचा, पहिला खंड फुकट उघडतो. जर्मन संस्कृत पंडित कीलहॉर्नने केलेलं पाटण्याच्या लेखाचं वाचन त्यात आहे. इंग्रजी जड गेलं तर दुसऱ्याच्या पुस्तकातून घ्यावं आणि त्या पुस्तकाचं नाव द्यावं. मूळ न पाहता मूळचा खंड-पृष्ठ क्रमांक तळटीपेत डकवायचा, हे मला स्मरणिकेपेक्षा वाईट वाटतं. स्मरणिकावाल्या पोराने निदान जिथून घेतलं ते सांगितलं होतं.

सातपुडाताई, गाण्यांपुरतं तुमचं मान्य. पुस्तिकेत गाणं असेल तर यादीत घ्या. जन्मगावासाठी मात्र नाही.

सातपुडा:
मग सर, 'सरसकट' हा शब्द मागे घ्या. विद्यार्थी तेवढाच लक्षात ठेवतात. माझ्या आधीच्या मार्गदर्शकांनी असंच सांगितलं होतं, आणि माझ्या मैत्रिणीने म्हाताऱ्या बायांची नावं तळटीपेतून काढून टाकली. गाणी प्रबंधात राहिली, गाणाऱ्या नाहीत.