स्क्वॅट मारताना रॉड मानेवर रुतायलाय, नेमका ठेवायचा कुठं?

कोरडवाहू_पोरगा (लातूर)
भावांनो एक शंका हाय. पोलीस भरतीची तयारी करायलोय, गोळ्यात मार्क कमी पडायलेत म्हणून दोन महिन्यापासून जिममधी स्क्वॅट चालू केले. ४० किलोपर्यंत काही वाटत नव्हतं पण ६० ला गेलो की रॉड मानेच्या मागच्या हाडावर असा रुततोय की खाली बसायच्या आधीच जीव जातो, दुसऱ्या दिवशी शर्टाची कॉलर लागली तरी दुखतंय. जिमवाले दादा म्हणतेत फोमचं पॅड लाव, होईल सवय. पॅड लावलं तर रॉड गरकन फिरल्यासारखा होतोय. व्हिडिओत एक म्हणतो वर ठेवा, एक म्हणतो खाली ठेवा. खरं काय?

परभणीकर_८८
सवय होईल म्हणणाऱ्याच्याच मानेवर ठेव एकदा.
आता असं कर, मान खाली घाल अन मागून बोट फिरव. सगळ्यात वर आलेलं जे हाड हाताला लागतं तो मानेचा सातवा मणका. त्याच्यावर रॉड कधीच नको, त्याच्या खाली पाहिजे. रॉड घट्ट धरून दोन्ही खवाटे मागं आवळले की ट्रॅप्सचा, म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंतच्या मसलचा, मांसाचा उंचवटा तयार होतो, गादीसारखा, रॉड त्या गादीवर बसवायचा. याला हाय बार म्हणतेत. तू हात सैल सोडून नुसता खाली घुसत असशील तर गादी बनतच नाही, मग हाडच लागणार. पॅड काढून टाक, त्यानं रॉड कुठं बसलाय तेच कळत नाही.

गोदाकाठ (नांदेड)
मी म्हणतो सरळ लो बार मार. खवाट्यावर हाडाची आडवी कड लागते ना, तिच्या लगेच खाली, खांद्याच्या मागच्या मसलवर ठेवायचा, म्हणजे हाय बारपेक्षा दोन-तीन इंच खाली. पॉवरलिफ्टिंगवाले बरेच जण असंच मारतेत, कुल्ल्याचा जोर जास्त लागतो अन वजनही जास्त जातं. मोंढ्यातले हमाल बघ, सोयाबीनचं पोतं मानेच्या हाडावर घेतेत का? पाठीवर घेतेत.

बीड_बायपास
हमालाचं बोललास पण अर्धंच. पोतं पाठीवर पडलं की हमाल आपोआप पुढं वाकतो, कामून? वजन तळपायाच्या मधोमध यावं म्हणून, नाहीतर मागं उताणा पडेल. रॉडचंही तेच, वर ठेव नाहीतर खाली, तो तळपायाच्या मध्यावरच राहिला पाहिजे, म्हणून जेवढा खाली ठेवशील तेवढं जास्त वाकावं लागणार. हाय बारमधी पाठ उभी राहते पण गुडघे पुढं जातेत, घोटा आखडलेला असला की टाचा उचलतेत.
६० किलोवाल्या पोराला लो बारची घाई कशाला राव. मी केली होती. खांदे आखडलेले, तरी हात ओढून ओढून मागं नेले, सगळा भार कोपरावर. दोन महिने आतून अशी कळ यायची की दुधाची पिशवी उचलताना पण दुसरा हात लावावा लागायचा. आधी हाय बार नीट शिक.
अन हो, हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील तर इथं विचारत बसू नको, डॉक्टरला दाखव.

कोरडवाहू_पोरगा (लातूर)
मुंग्या बिंग्या नाहीत. आज सकाळी खवाटे आवळून बघितलं, खरंच गादी होतेय. पण एक गोष्ट कळली, रॅकच्या खुंट्या माझ्या उंचीला लई वर होत्या, मी टाचा उचलून रॉड काढायलो होतो अन तिथंच सगळं ढिलं पडायचं. दोन भोकं खाली घेतल्या, छातीच्या मध्यापर्यंत. ६० चे पाच मारले, हाडाला टेकला पण नाही. फक्त रॉड एका बाजूला गेल्यासारखा वाटायलाय अन मनगट मागं मुडपतंय.

परभणीकर_८८
आमच्याकडच्या रॉडला पण मधी खरखरीत पट्टा नाही, टेप घेऊन मध्य मोजला अन लाल चिकटपट्टी गुंडाळली, मान बरोबर तिच्याखाली घालायची. पकड चार बोटं रुंद कर अन मनगट सरळ ठेव, हातानं वजन तोलायचं नाही, रॉड फक्त पाठीवर दाबून धरायचा. अन ते पॅड दादाला वापस दे, हिप थ्रस्टवाल्यांना, म्हणजे मांडीवर रॉड घेऊन कुल्ले वर उचलणाऱ्यांना, कामाला येतं.